आधी गावचा, मग फळ, मग वय

स्लिवोदोलमध्ये कुणाशी भांडण उकरून काढायचं असेल तर ऑक्टोबरसारखा महिना नाही. एरवी या डोंगरातल्या गावात भांडायला फारसं काही उरलेलं नाही. शेतांचे बांध दगडी, ते सरकत नाहीत. तरुण माणसं राजधानीत, सोफियाला, नाहीतर त्याहून लांब गेली, त्यामुळे सासू-सुनांची भांडणंसुद्धा फोनवर होतात आणि शेजाऱ्यांना धड ऐकूही येत नाहीत. पण ऑक्टोबर लागला की कझान पेटतो, आणि त्याच्याबरोबर गावही पेटतं.

कझान म्हणजे गावच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठी असलेली सामायिक भट्टी. तांब्याचं एकच मोठं भांडं, त्याला एकच नळी. सदतीस घरांनी आपापल्या पिंपात आंबवलेली फळं एकामागून एक त्यात चढतात आणि नळीतून थेंबथेंब रकिया, म्हणजे फळांची दारू, उतरते. दिवसाला एक घर. ज्याचा नंबर लवकर तो नोव्हेंबरात निवांत, ज्याचा उशिरा त्याच्या पिंपावर बुरशी धरायची भीती. आणि एक रीत इथं कुणी मोडत नाही. ज्याचा नंबर उद्या, तो आज पहाटे भट्टीवर हजर. आजच्या माणसाची लाकडं त्यानं वाहायची, जाळ सांभाळायचा, दुपारी त्याच्याबरोबर जेवायचं आणि पहिली वाटी चाखून कशी उतरली ते त्यानंच सांगायचं. मग उद्या त्याच्यासाठी परवाचा माणूस येतो. अशी ही साखळी महिनाभर चालते. शेवटच्या नंबराला मात्र कुणी येत नाही, कारण त्याच्यानंतर कुणी नसतं.

गेली चार वर्षं शेवटचा नंबर नेव्यानाचा होता.

नेव्याना अडुसष्ट वर्षांची, अंगानं बारीक, चालणं तुरुतुरु. मूळची समुद्राकाठच्या बुर्गासची. तरुणपणी तिथल्या आकडेमोडीच्या केंद्रात ती भोकं पाडलेल्या कार्डांच्या यंत्रावर होती. पोरी रोज हजारो कार्डं यंत्रात घालायच्या आणि यंत्र ती खणांत टाकायचं. दोब्री तिथेच भेटला. तो स्लिवोदोलचा. लग्न झालं, मुलगी झाली, नोकरी संपली, आणि आठ वर्षांपूर्वी दोघं त्याच्या बापाच्या घरी राहायला आली. दोब्रीनं अंगणात द्राक्षाचा वेल मांडवावर चढवला. चार वर्षांनी तो गेला. वेल राहिला, नेव्याना राहिली. मुलगी बोरिस्लावा वार्नाहून दर रविवारी विचारायची, "आई, तिथं एकटी काय करतेस, इकडे ये." नेव्याना म्हणायची, "द्राक्षं कोण तोडणार?" खरा प्रश्न द्राक्षांचा नव्हताच. या बाईला हे गाव आवडलं होतं. आता गावालाही ती आवडावी, एवढंच तिला हवं होतं, आणि हे मागून मिळत नाही हे तिला कळत होतं.

दोब्री होता तोवर त्यांचं घर गावचं होतं. तो गेला आणि घर बाहेरचं झालं. हे कुणी वाईट मनानं केलं नव्हतं. भट्टीचा म्हातारा मिंकोआबा नंबर लावायचा तो घराच्या कर्त्या माणसाचं जन्मगाव बघून. कर्ता आता नेव्याना, आणि नेव्याना बुर्गासची. झालं. गावात बाहेरची घरं चार. तिघांकडे आलुबुखार, नेव्यानाकडे द्राक्षं. सगळ्यात शेवटी ही. तिच्या एकटीच्या द्राक्षांसाठी भांडं पुन्हा राखेच्या पाण्यानं उकळून घासावं लागायचं, त्यामुळे मिंकोआबाही त्या दिवशी जरा चिडचिडाच असायचा.

तीस वर्षं ही सगळी यादी मिंकोआबाच्या डोक्यात होती. आता त्याला ब्याऐंशी लागलं, डोळ्यांनी दगा दिला, आणि गेल्या वर्षी डोक्यानंही. त्यानं एकाच दिवशी दोन घरांना बोलावलं. ओढ्यावरच्या अरुंद पुलावर दोन ट्रॅक्टर तोंडाला तोंड लावून उभे राहिले. मागे कुणी घेईना. दुपारी जेवणं पुलावरच झाली. त्यानंतर गावानं ठरवलं की यादी आता कागदावर हवी. वाचनालयात एक संगणक होता आणि सोमवार-बुधवार तो झटकायला नेव्याना बसायची, त्यामुळे काम तिच्या गळ्यात आलं. गळ्यात आलं असं लोक म्हणाले. तिला मात्र आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. चार वर्षांत गावानं तिच्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

ती वही घेऊन मिंकोआबाकडे गेली. म्हातारा ओसरीवर अक्रोड फोडत होता.

"आबा, आधी कोण?"

"आधी गावचे. मग बाहेरचे."

"मग?"

"मग फळ. आधी आलुबुखार, मग द्राक्षं. फळ बदललं की आधीच्याचा वास काढायला दर वेळी भांडं घासायला लागतं."

"एकाच फळाची दहा घरं असली तर?"

"वडीलधारं आधी. ऐंशी वर्षांच्या माणसाला नोव्हेंबरात तिथं कुडकुडत बसवायचं होय? आणि वयही सारखं निघालं, तर ज्यानं आधी नाव सांगितलं तो."

"बस्स?"

"बस्स. मी काय पोथी वाचतोय का? एवढंच तर आहे." त्यानं एक अक्रोड तिच्या हातावर ठेवला. "तुझा नंबर तुला ठाऊकच आहे, पोरी."

"ठाऊक आहे," नेव्याना म्हणाली आणि अक्रोड खाल्ला.

घरी येऊन तिनं जावास्क्रिप्ट उघडलं. ती भाषा तिला बोरिस्लावानं दोन हिवाळ्यांपूर्वी शिकवायला घेतली होती, आईचा वेळ जावा म्हणून. आईचा वेळ असा काही गेला की मुलगी रविवारी फोन करायला कंटाळू लागली, कारण आई तब्येतीचं काही बोलायचीच नाही, नुसते प्रश्न विचारायची.

सदतीस घरांच्या सदतीस नोंदी झाल्या. प्रत्येक नोंदीत कर्त्याचं नाव, गावचा असेल तर शून्य आणि बाहेरचा असेल तर एक, फळ, वय, आणि नाव सांगितलं तो क्रमांक. आधी गंमत म्हणून तिनं नुसत्या क्रमांकांची यादी केली आणि कसलाही नियम न देता "लाव" म्हणून सांगितलं. यंत्रानं एकनंतर दहा लावला, मग अकरा, आणि दोनला पार खाली ढकललं. नियम दिला नाही तर ही भाषा आकडासुद्धा अक्षरासारखा वाचते, एकेक चिन्ह बघते आणि आकडा केवढा आहे ते बघायची तसदी घेत नाही. नेव्यानाला हसू आलं. केंद्रात अशी एक मुलगी होती, तिला शेवटी चहाच्या खात्यात टाकलं होतं.

मग तिनं जुन्या सवयीनं काम केलं. कार्डांच्या यंत्रावर सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आधी लावायची असते. आधी क्रमांकानं लाव, मग सगळा गठ्ठा वयानं, मग फळानं, आणि शेवटी गावचा-बाहेरचा. दर फेरीत आधीचा क्रम आपोआप टिकतो आणि शेवटच्या फेरीला सगळं जिथल्या तिथं बसतं. यादी बरोबर आली. रविवारी तिनं ती पडद्यावर दाखवली तर बोरिस्लावा कपाळाला हात लावून हसली.

"आई, चार वेळा कशाला लावतेस? एकदाच लाव. दोन घरं घे आणि विचार, यातलं आधी कोण? पहिल्याच्या आकड्यातून दुसऱ्याचा वजा कर, उत्तर ऋण आलं तर पहिलं, धन आलं तर दुसरं. शून्य आलं म्हणजे बरोबरी. बरोबरी झाली तरच पुढचा प्रश्न विचारायचा. फळ काय? तिथंही शून्य? मग वय."

"आणि वय उलटं. मोठं आधी."

"मग वजाबाकी उलटी कर."

नेव्यानानं तसं केलं. चार फेऱ्यांच्या जागी चार प्रश्नांची एक ओळ झाली. तिला ते फार आवडलं, कारण ते मिंकोआबाच्या बोलण्यासारखंच होतं. म्हातारासुद्धा पुढचं कारण मागचं संपल्याशिवाय काढायचा नाही.

तेव्हाच तिच्या लक्षात आलं की पहिला प्रश्न उचलून तिसऱ्या जागी ठेवला तर तिचं नाव सदतिसाव्या जागेवरून चौतिसाव्या जागेवर जातं. आधी फळ, मग वय, मग गावचा-बाहेरचा. वरून भांडं घासायची फेरीही वाचते, म्हणजे कारणही तयार. एवढंसं करायचं, आणि गावात कुणाला कळणार होतं? तिनं तो प्रश्न तिसऱ्या जागी ठेवून बघितला. आपलं नाव वर आलेलं बघितलं. बरं वाटलं. मग परत जिथं होता तिथं ठेवला. अशी वर येण्यात काही गोडी नव्हती. यादी छापली, एक वाचनालयात लावली, एक भट्टीच्या दाराला.

आलुबुखाराचे अठ्ठावीस दिवस कसे गेले कळलं नाही. पुलावर ट्रॅक्टर एकटाच यायचा. लोक दाराशी थांबून कागदावर बोट फिरवायचे, आपलं नाव सापडलं की "हं" म्हणायचे आणि निघून जायचे. स्लिवोदोलमध्ये "हं" म्हणजे कौतुकच. मिंकोआबा जाळाशी बसलेला असायचा. त्याला कागद दिसत नव्हता, म्हणून येईल त्याला विचारायचा, "यादी काय म्हणते?" आणि यादी म्हणेल ते चढवायचा. आता यादी दुसऱ्याकडे दिली म्हणजे दिली, आपण मध्ये तोंड घालायचं नाही, असं त्यानं बायकोच्या थडग्याची शपथ घेऊन सांगितलं होतं.

नोव्हेंबरात द्राक्षं आली. गावच्या लोकांत द्राक्षांची घरं पाच. वयानं पहिली पेनाकाकू, त्र्याऐंशीची, डोक्याला काळा रुमाल, बोलायला लागली की थांबवणं अवघड. दुसरा गात्यो, एकाहत्तरचा. बाकी तिघं पासष्टच्या आतले.

गात्योबद्दल सांगायचं तर हा माणूस वर्षभर कशाचाच अभिमान बाळगत नाही, फक्त आपल्या रकियाचा बाळगतो. त्याच्या दोन पिंपांत एकही सडका मणी नसतो. बायकोनं हात लावलेला चालत नाही. उतरलेली रकिया तो तुतीच्या लाकडाच्या पिंपात ठेवतो आणि पाहुण्याला देताना स्वतः पीत नाही, पाहुण्याचं तोंड बघत बसतो.

पेनाकाकूचा दिवस छान पार पडला. रीतीप्रमाणे गात्यो पहाटेच आला, लाकडं वाहिली, काकूच्या हातची गरम बनित्सा, चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी, खाल्ली, वाटी चाखून म्हणाला, "काकू, नेहमीसारखी." दुसऱ्या दिवशी त्याचं पहिलं पिंप चढलं. दुपारी नळीला थेंब आले. गात्योनं वाटी नाकाशी नेली आणि तशीच धरून राहिला.

"काय झालं?" मिंकोआबानं विचारलं.

"बडीशेप," गात्यो म्हणाला.

पेनाकाकू आपल्या द्राक्षांत ओंजळभर विलायती बडीशेप घालते. तिच्या आईनं घातली, आजीनं घातली. गावात पोरासोरांनाही हे माहीत आहे. आणि बडीशेप एकदा भांड्यात शिजली की तांब्याच्या अंगात शिरते, पुढची दोन-तीन पिंपं तरी वास सोडत नाही. म्हणूनच मिंकोआबा तीस वर्षं पेनाकाकूला द्राक्षांत सगळ्यात मागे ठेवायचा, मग तिचं वय काहीही असो, आणि तिच्यामागून भांडं तीनदा घासायचा. नेव्यानाच्या यादीत फळाच्या खणात पेना द्राक्षं, गात्यो द्राक्षं. पहिल्या प्रश्नाला शून्य, दुसऱ्यालाही शून्य, आणि वयानं पेना आधी. हिशेब चोख होता आणि गात्योची चाळीस लिटर रकिया खोकल्याच्या औषधासारखी वास मारत होती.

गात्योनं ते सगळं चौकात येऊन सांगितलं. "त्या बुर्गासवालीच्या यंत्रानं माझं वाटोळं केलं," तो म्हणाला. "द्राक्षाला लाज आणली. समुद्रावरच्या माणसाला काय कळतं यातलं? त्यांना मासे माहीत." लोक ऐकत उभे राहिले. कुणी हो म्हटलं नाही, पण कुणी नाहीही म्हटलं नाही. दुकानदारीण म्हणाली की आबांच्या डोक्यात होतं तेच बरं होतं, निदान पुलावर जेवायला तरी मिळायचं.

नेव्यानाला हे तासाभरात कळलं. चुकीचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त भीती वाटली. एवढी वर्षं ती या गावात पाय न वाजवता चालली होती. आता यादी जाईल, वाचनालयात लोक येईनासे होतील, आणि ती कायमची ती बुर्गासवाली होऊन बसेल, जिनं गात्योची रकिया नासवली. मुलीकडे निघून जावं, असाही विचार आला. मग तिनं स्वतःलाच दम भरला, कोट चढवला आणि सरळ गात्योच्या घरी गेली.

दार त्याची बायको स्तान्कानं उघडलं. गात्यो आत टेबलाशी, समोर ती बाटली.

"चूक माझी आहे," नेव्याना उंबऱ्यातच म्हणाली. "शिव्या द्यायच्या तर तोंडावर द्या. चौकातून माझ्यापर्यंत यायला उगाच तास लागतो."

गात्योनं दिल्या. चांगल्या पाच मिनिटं दिल्या. द्राक्षांपासून सुरू करून तो यंत्रांवर गेला, यंत्रांवरून शहरांवर, शहरांवरून आपल्या सोफियातल्या मुलावर, जो तीन वर्षं आला नव्हता. नेव्याना उभी राहून ऐकत होती. तो दमल्यावर तिनं विचारलं, "पेनाकाकू बडीशेप घालते हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत आहे."

"मला माहीत नव्हतं, गात्योदादा. मला काय काय माहीत नाही हे मला कसं कळणार?"

तेवढ्यात स्तान्कानं त्याच्या समोरची बाटली उचलली, पेल्यात ओतली, एक घोट घेतला, मग दुसरा.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा," ती म्हणाली, "या घरात पिण्यासारखं काहीतरी आलंय."

गात्योनं बायकोकडे असं बघितलं की जणू तिनं चर्चमध्ये शीळ घातली. नेव्यानाला हसू आवरेना, आणि या प्रसंगी हसणं म्हणजे आगीत तेल, हे कळत असूनही ती हसली. स्तान्काही हसली. गात्यो हसला नाही, पण पुढचं बोलायचं विसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेव्याना वही घेऊन मिंकोआबाकडे बसली. भट्टी बंद होती, भांड्यात राखेचं पाणी उकळत होतं.

"आबा, बडीशेप सांगितली नाहीत."

"तू विचारलं नाहीस. आणि मी शपथ घेतली होती," म्हातारा जरा ओशाळून म्हणाला.

"आता विचारते. सगळ्यांना माहीत आहे असं आणखी काय काय आहे?"

मिंकोआबा बोलू लागला. आधी तीन गोष्टी आठवल्या, मग सात, मग तो थांबेचना. खालच्या आळीतले दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांचे नंबर लागोपाठ आले तर एकानं दुसऱ्याची लाकडं कशी वाहायची? शाळेच्या मास्तरणीला मंगळवार चालत नाही. एकाकडे दोन पिंपं असली तर दोन्ही लागोपाठ. ज्याच्या घरात लग्न त्याला पुढे घ्यायचं, पण त्यानं तसं मागितलं तरच, न मागता पुढे घेतलं तर तो रुसतो. नेव्यानानं चार पानं भरली. दोन भावांचं तिला कुठल्याही प्रश्नात बसवता येईना. दोन नोंदींतलं आधी कोण हे यंत्र सांगेल, पण कोण कुणाच्या शेजारी नको हे ते सांगणार नाही. तिनं तसं आबांना सांगितलं.

"मग ते माझ्याकडे राहू दे," आबा म्हणाला, आणि त्याला किती बरं वाटलं ते त्याच्या आवाजात लपलं नाही.

बाकीचं तिनं यंत्राला सांगितलं. प्रत्येक नोंदीत एक नवा खण, बडीशेप. नसेल तर शून्य, असेल तर एक. हा प्रश्न फळानंतर आणि वयाच्या आधी. पेनाकाकूचा यंदाचा दिवस होऊन गेला होता, पण पुढच्या वर्षासाठी तिनं करून बघितलं आणि काकूचं नाव त्र्याऐंशी वर्षांसकट खाली घसरत गेलं आणि गावच्या द्राक्षांच्या तळाशी जाऊन बसलं. काकू स्वतः बघायला आली होती. "बरं झालं," ती म्हणाली. "पहिला नंबर लागला तेव्हाच मला वाटलं होतं, हे काहीतरी चुकतंय. पण मान मिळतोय तर नाही कशाला म्हणावं."

बुधवारी वाचनालय बंद करायच्या वेळी गात्यो आला. टोपी हातात, कोटाचं वरचं बटण लावलेलं. उद्या त्याच्या दुसऱ्या पिंपाचा दिवस होता.

"दाखव ती यादी," तो म्हणाला.

नेव्यानानं खुर्ची सरकवली. तो बसला नाही. उभ्याउभ्याच पडद्यावर बोट ठेवून वरून खाली येऊ लागला. झालेल्या घरांवर फुली होती. बडीशेपेच्या खणाशी थांबला, पेनाकाकूच्या समोरचा एक बघितला, "हं" म्हणाला. उद्या आपलं नाव आहे याची खात्री केली. मग बोट आणखी खाली गेलं, बाहेरच्यांच्या आलुबुखारांवरून, पार शेवटच्या ओळीपर्यंत.

"तू एवढी खाली का?"

"मी बाहेरची. आधी गावचे, मग बाहेरचे."

"हे कुणी ठरवलं?"

"तुम्हीच सगळ्यांनी. नियम आबांनी सांगितलाय."

गात्योनं टोपी हातातल्या हातात फिरवली. त्याला लांब बोलायची सवय फक्त रागात असताना होती, आणि आता तो रागात नव्हता.

"नियम बरोबर आहे," तो म्हणाला. "नोंद चुकलीय."

नेव्यानानं पडद्यावरून नजर काढून त्याच्याकडे बघितलं.

"बाहेरचं माणूस चुकलं की गाडीत बसतं आणि निघून जातं. मागे त्या बाहेरच्या दंतवैद्यानं माझी मेंढी गाडीखाली घातली, तो वसंतापर्यंत दिसला नाही. तू माझ्या दारात शिव्या खायला आलीस. वर हसलीस." तो खाकरला. "आणि तुझ्या एकटीसाठी भांडं परत घासावं लागतं ते निराळंच. आबांना मी सांगितलंय. ते म्हणाले, मी कधीचा वाट बघतोय कुणीतरी म्हणेल म्हणून."

"तुम्ही का नाही म्हटलं आधी?" तिनं विचारलं.

"वाटलं, सगळ्यांना माहीत आहे."

तिनं आपली नोंद उघडली. एक होता तिथं शून्य लिहायचं होतं, एका अंकाचं काम. डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून दोनदा चुकीची कळ दाबली गेली. गात्यो खिडकीबाहेर बघत राहिला, कारण बायका रडताना कुठं बघावं हे त्याला आयुष्यात कधी कळलं नव्हतं. मग तिनं यादी पुन्हा लावली. गात्योसमोर पहिल्या प्रश्नाला शून्य, फळाला शून्य, बडीशेपेला शून्य. वय अडुसष्ट. नाव तळातून उठलं आणि गात्योच्या बरोबर खाली येऊन थांबलं.

"म्हणजे उद्या लाकडं तूच वाहणार," गात्यो म्हणाला. "सहाला ये, नेव्याना. आणि जेवायला मासे आणू नकोस."

"बनित्सा आणते."

"चालेल." दारात तो थांबला. "बडीशेपवाली बाटली स्तान्कानं तुझ्यासाठी ठेवलीय. मला म्हणते, पुढच्या वर्षीही अशीच एक कर. मी ऐकलंच नाही असं दाखवलं."

तो गेल्यावर नेव्यानानं यादी परत वरून खाली वाचली. चार वर्षं तिचा नंबर सगळ्यात शेवटी असायचा, आणि तिच्यानंतर कुणी नसायचं. आज नावाच्या खाली लिहिलं होतं, वेल्को सुतार, द्राक्षं, वय चौसष्ट. म्हणजे परवा पहाटे तिच्या पिंपासाठी वेल्को येणार, तिची लाकडं वाहणार, तिचा जाळ सांभाळणार आणि पहिली वाटी चाखून तिला सांगणार. तिनं ते नाव पुन्हा एकदा वाचलं आणि वेल्कोला दुपारी काय आवडतं ते विचारायला स्तान्काकडे निघाली.